कोर्टाचा संरक्षण आदेश: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवरा, सासरची माणसं, भाऊ, मुलगा किंवा सोबत राहणारा जोडीदार छळत असेल, तर त्याला कोर्टाकडून रोखता येतं. त्यासाठीचा कायदा म्हणजे ‘कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५’. तो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे आणि महाराष्ट्रात व गोव्यात सारखाच चालतो. या पानावरची बहुतेक उत्तरं त्याच कायद्याची आहेत. जिथे दुसरा कायदा लागतो तिथे तसं सांगितलं आहे.

जिवाला आत्ता धोका असेल तर हे वाचत बसू नका. ११२ ला फोन करा. महिला हेल्पलाइन १८१ आहे.

१. संरक्षण आदेश म्हणजे नेमकं काय? तो पोलीस देतात की कोर्ट?

कोर्ट देतं. कायद्याच्या कलम १८ खाली न्यायदंडाधिकारी समोरच्या माणसाला लेखी मनाई करतात: हिंसा करायची नाही, हिंसेला मदत करायची नाही, बाईच्या कामाच्या जागी किंवा मुलांच्या शाळेत जायचं नाही, फोन, मेसेज, चिठ्ठी अशा कुठल्याही मार्गाने संपर्क साधायचा नाही, बँक खातं, लॉकर, स्त्रीधन यांना परवानगीशिवाय हात लावायचा नाही. तिला मदत करणाऱ्या नातेवाइकांना त्रास देण्याचीही मनाई करता येते. पोलीस चौकीत ‘पुन्हा त्रास देणार नाही’ असं लिहून घेतलेला कागद म्हणजे हा आदेश नव्हे. तो मोडला तरी आदेशभंगासाठीची कलम ३१ ची शिक्षा (प्रश्न १३) लागत नाही.

२. मग ४९८-अ ची तक्रार आणि हे एकच ना?

नाही. जुन्या भारतीय दंड संहितेचं ४९८-अ, म्हणजे नवऱ्याने किंवा सासरच्यांनी केलेला छळ, हा गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ मध्ये आहे. त्यात एफआयआर होतो, तपास होतो, शिक्षेसाठी खटला चालतो. संरक्षण आदेशाचा अर्ज दिवाणी स्वरूपाचा आहे. समोरचा माणूस तिथे आरोपी नसतो, गैरअर्जदार असतो. अर्जाचा हेतू त्याला तुरुंगात पाठवण्याचा नसून छळ थांबवण्याचा आहे. दोन्ही एकाच वेळी करता येतात. ‘मला केस नको, फक्त त्रास थांबायला हवा’ असं म्हणणाऱ्या बाईसाठी हाच रस्ता आहे, आणि पोलीस ठाण्यात तो फार कमी वेळा सांगितला जातो.

३. अर्ज कोण करू शकतं? लग्न झालेलं नसेल तर?

पत्नी, विधवा सून, आई, बहीण, मुलगी, म्हणजे रक्ताच्या, लग्नाच्या, दत्तक किंवा एकत्र कुटुंबाच्या नात्याने त्या माणसासोबत एका घरात राहणारी किंवा पूर्वी राहिलेली कोणतीही स्त्री. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठीही अर्जात मागणी करता येते. गैरअर्जदार पुरुषच असायला हवा ही अट सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये हिरल हरसोरा प्रकरणात काढून टाकली. त्यामुळे सासू किंवा नणंद यांच्याविरुद्ध अर्ज होतो, आणि सासूही सुनेविरुद्ध अर्ज करू शकते.

लग्नाशिवाय सोबत राहणाऱ्या जोडप्यांचं नातं ‘लग्नासारखं’ असावं लागतं. २०१० च्या वेलुसामी निकालात कसोट्या दिल्या आहेत: दोघंही लग्नाच्या वयाचे, एरवी लग्नाला पात्र, स्वेच्छेने बराच काळ एकत्र राहिलेले, आणि समाजात पती-पत्नीसारखे वावरणारे. पुरुष आधीच विवाहित आहे हे माहीत असताना त्याच्यासोबत राहिलेल्या स्त्रीला २०१३ च्या इंद्रा सरमा निकालात संरक्षण नाकारलं गेलं. त्याने लग्न लपवून फसवलं असेल तर ते अर्जात ठळक लिहा.

घटस्फोट झाला म्हणून दार बंद होत नाही. नातं चालू असताना झालेल्या हिंसेबद्दल घटस्फोटितेचा अर्ज चालतो.

४. तो मारत नाही, पण पैसे देत नाही, शिव्या देतो, नोकरी करू देत नाही. हे चालतं का?

चालतं. कलम ३ मध्ये शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-मानसिक आणि आर्थिक अशा चारही प्रकारची हिंसा धरली आहे. घरखर्च बंद करणं, पगार काढून घेणं, दागिने गहाण टाकणं, मूल होत नाही किंवा मुलगा होत नाही म्हणून टोमणे मारणं, हे सगळं त्यात येतं. जुनी घटना आहे म्हणूनही अडत नाही. अर्ज एका वर्षाच्या आत करायला हवा असं काही वकील सांगतात, पण अर्जाला अशी मुदत लागत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ च्या कामाक्षी निकालात स्पष्ट केलं आहे. तरीही अलीकडची एखादी घटना तारखेसह दिलीत तर तातडीचा आदेश मिळणं सोपं जातं.

५. सासर सोलापूरला, मी माहेरी नाशिकला आले. सोलापूरला खेटे घालावे लागतील का?

नाही. कलम २७ प्रमाणे तुम्ही कायमच्या किंवा तात्पुरत्या जिथे राहता, जिथे नोकरी करता, जिथे गैरअर्जदार राहतो, किंवा जिथे घटना घडली, यांपैकी कुठल्याही ठिकाणच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. तिथून मिळालेला आदेश देशभर लागू असतो. तात्पुरत्या पत्त्याचा एखादा कागद जोडा: भाडेकरार, आईवडिलांचं वीजबिल आणि त्यांचं शपथपत्र, वसतिगृहाची पावती. घटस्फोटाचा दावा आधीच कौटुंबिक न्यायालयात चालू असेल तर कलम २६ प्रमाणे हीच मागणी तिथेही करता येते.

६. अर्ज करायचा कसा? वकील, पैसे, कागद काय लागतं?

तीन वाटा आहेत. पहिली, स्वतः किंवा वकिलामार्फत थेट कोर्टात अर्ज. त्याचा नमुना नियमांतला ‘नमुना २’ आहे. दुसरी, संरक्षण अधिकाऱ्यामार्फत. हे अधिकारी महिला व बालविकास विभागाचे असतात आणि जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात त्यांचा पत्ता मिळतो. ते ‘नमुना १’ मध्ये घरगुती घटनेचा अहवाल भरतात, ज्याला कोर्टात सगळे डीआयआर म्हणतात. तिसरी, तुमच्या वतीने दुसऱ्या कोणीतरी. सखी वन स्टॉप सेंटर, पोलिसांचा भरोसा सेल किंवा महिला साहाय्य कक्ष तुम्हाला संरक्षण अधिकाऱ्यापर्यंत पोहोचवू शकतात.

डीआयआर असेल तर उत्तम, पण तो नाही म्हणून अर्ज अडवता येत नाही. २०२२ च्या प्रभा त्यागी निकालाने ते ठरवून टाकलं आहे.

वकील सक्तीचा नाही. स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता जिल्हा किंवा तालुका विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. त्यासाठी १५१०० हा क्रमांक आहे. अर्ज मराठीत लिहिता येतो.

जोडायचे कागद: ओळखपत्र, नात्याचा पुरावा (लग्नाचा दाखला नसेल तर लग्नपत्रिका, फोटो, रेशनकार्ड), दवाखान्याचे कागद, पोलीस ठाण्यातल्या एनसीच्या (अदखलपात्र तक्रारीच्या नोंदीच्या) प्रती, मेसेजचे स्क्रीनशॉट. मूळ मोबाइल जपून ठेवा आणि मेसेज पुसू नका. पुढे पुरावा म्हणून दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. पोटगी मागणार असाल तर मालमत्ता आणि देण्यांचं शपथपत्र द्यावं लागतं. हे २०२० च्या रजनेश निकालापासून दोन्ही बाजूंना बंधनकारक आहे. यातला एखादा कागद नसला तरी अर्ज थांबवू नका. घरातून नेसत्या वस्त्रानिशी बाहेर पडलेल्या बाईकडे फाइल नसते, हे न्यायाधीशांना माहीत असतं.

७. अर्जात मागायचं काय? वकिलांनी ‘छळ करू नये’ एवढंच लिहिलंय.

बहुतेक आदेश इथेच कमजोर होतात. आदेश मोडला की नाही हे रात्री अकरा वाजता दारात उभा असलेला हवालदार ठरवणार असतो. ‘छळ करू नये’ हे वाचून त्याला काहीच ठरवता येत नाही. ‘अर्जदार राहते त्या इमारतीच्या आवारात गैरअर्जदाराने पाऊल ठेवू नये’ हे वाचून लगेच ठरवता येतं. म्हणून प्रत्येक मागणी अशी लिहा की ती पाळली की मोडली ते बघणाऱ्याला एका नजरेत कळावं:

- कोणत्या जागी यायचं नाही: घर, कार्यालय, मुलांची शाळा, शिकवणी, माहेर. प्रत्येक जागा पत्त्यासह. मीटरमधलं अंतर कलम १८ मध्ये नाही, कायदा जागांची भाषा बोलतो. शाळेच्या फाटकाबाहेर उभं राहण्याची सवय असेल तर ‘फाटकाबाहेरचा रस्ता’ असं वेगळं मागा.
- संपर्क: फोन, व्हॉट्सअ‍ॅप, ईमेल, समाजमाध्यमं, नवे नंबर, आणि दुसऱ्या कोणामार्फत पाठवलेले निरोपही.
- पैसा आणि वस्तू: कोणत्या बँकेचं कोणतं संयुक्त खातं, कोणता लॉकर, कोणता फ्लॅट विकायचा नाही. दागिन्यांची यादी वजनासह. स्त्रीधन परत करण्याचा आदेश कलम १९(८) खाली वेगळा मागावा लागतो.
- पोलीस: जवळच्या ठाण्याने संरक्षण द्यावं आणि आदेशाच्या अंमलबजावणीला मदत करावी, ही मागणी कलम १९(५) आणि १९(७) खाली.

सोबत निवास आदेश (कलम १९), आर्थिक साहाय्य (कलम २०), मुलांचा तात्पुरता ताबा (कलम २१) आणि नुकसानभरपाई (कलम २२) एकाच अर्जात मागता येतात.

पत्ता लिहिण्याआधी एक विचार करा. तुम्ही नव्या जागी लपून राहत असाल तर अर्जातला पत्ता त्याच्या हातात पडणार आहे. अशा वेळी ‘अर्जदार जिथे राहत वा काम करत असेल अशा कोणत्याही ठिकाणी’ असे शब्द वापरा आणि पत्रव्यवहारासाठी वकिलाचा पत्ता चालवून घेण्याची कोर्टाला विनंती करा.

८. आदेश किती दिवसांत मिळतो? आजच्या आज मिळू शकतो का?

कायदा म्हणतो: पहिली तारीख साधारण तीन दिवसांत, आणि पहिल्या तारखेपासून साठ दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न. प्रत्यक्षात पूर्ण निकालाला पुष्कळ जास्त वेळ जातो. म्हणून अंतिम निकालाची वाट न बघता कलम २३ खाली अंतरिम आदेश मागायचाच. समोरच्याला न ऐकता एकतर्फी आदेश हवा असेल तर ‘नमुना ३’ मधलं शपथपत्र लागतं.

एकतर्फी अर्ज फेटाळला जातो किंवा ‘नोटीस काढा’ म्हणून पुढे ढकलला जातो, तेव्हा बहुतेकदा शपथपत्रात घाई का आहे तेच नसतं. पंधरा वर्षांची सगळी हकिगत असते आणि गेल्या आठवड्यात काय घडलं ते शेवटच्या पानावर एका ओळीत. क्रम उलटा करा. शेवटची घटना, तारीख, वेळ, जागा, त्याने काय म्हटलं, आणि नोटीस पोहोचेपर्यंत थांबलो तर काय होईल, हे पहिल्या पानावर आणा.

९. तो नोटीस घेतच नाही. प्रत्येक तारखेला ‘मिळाली नाही’ म्हणून तहकूब होतं.

नोटीस बजावण्याचं काम संरक्षण अधिकाऱ्याचं आहे आणि त्यासाठी कलम १३ मध्ये दोन दिवस दिले आहेत. कोर्ट जास्त मुदत देऊ शकतं. नियम १२ प्रमाणे घरी किंवा नोकरीच्या जागी, तिथे हजर असलेल्या जबाबदार व्यक्तीकडे नोटीस देता येते, आणि तेही जमलं नाही तर दर्शनी भागी चिकटवता येते. संरक्षण अधिकाऱ्याने नमुन्यात दिलेलं बजावणीचं निवेदन पुरावा म्हणून चालतं. अर्जातच त्याचे दोन पत्ते, कामाची वेळ आणि चालू मोबाइल नंबर द्या. व्हॉट्सअ‍ॅप किंवा ईमेलने बजावणी करायची तर कोर्टाची परवानगी घ्या. बजावणी होऊनही तो आला नाही तर एकतर्फी पुढे चालवण्याचा अर्ज द्या.

१०. पोलीस म्हणतात, आधी समुपदेशन करा, मग बघू. ते सक्तीचं आहे का?

नाही. कोर्टात जाण्याआधी समुपदेशन करायला हवं अशी अट कायद्यात कुठेही नाही. अर्ज आल्यावर कोर्ट कलम १४ खाली समुपदेशन सांगू शकतं, तो वेगळा टप्पा आहे. पोलिसांवर कलम ५ ने उलट कर्तव्य टाकलं आहे: या कायद्याखालचे हक्क, संरक्षण अधिकारी आणि मोफत वकील यांची माहिती तुम्हाला द्यायची. मुंबईत १९८४ पासून पोलीस ठाण्यांमध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने सुरू केलेला स्त्रिया आणि मुलांसाठीचा विशेष कक्ष काम करतो. अशा प्रशिक्षित समाजसेविकेशी बोलणं उपयोगाचं आहे. चौकीत दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवून केलेली ‘समजूत’ मारहाणीच्या प्रकरणात धोक्याची असते, आणि तिला नाही म्हणण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

११. घर सासऱ्यांच्या नावावर आहे. मला बाहेर काढू शकतात का?

कायदेशीर प्रक्रियेशिवाय नाही. कलम १७ प्रमाणे सामायिक घरात राहण्याचा हक्क नावावर अवलंबून नसतो. सासऱ्यांच्या मालकीचं घरही सामायिक घर असू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सतीश चंदर आहुजा प्रकरणात सांगितलं आणि २००६ चा उलटा निकाल रद्द ठरवला. मात्र तुम्ही तिथे खरोखर नांदत होतात हे दिसायला हवं. सणाला चार दिवस राहून आलेलं घर त्यात बसत नाही. एकत्र राहणं शक्यच नसेल तर तसंच दुसरं घर किंवा त्याचं भाडं मागता येतं. नवऱ्याला घराबाहेर काढण्याचा आदेश कोर्ट देऊ शकतं, सासू किंवा नणंद यांना कलम १९ खाली देऊ शकत नाही.

१२. आदेश मिळाला. आता काय करायचं?

सही-शिक्क्याची प्रत त्याच दिवशी घ्या. कलम २४ प्रमाणे ती दोन्ही पक्षांना आणि पोलीस ठाण्याला मोफत मिळते. ठाण्याला प्रत पोहोचली असेल असं गृहीत धरू नका. स्वतः नेऊन द्या आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. शाळेच्या मुख्याध्यापकांना, सोसायटीच्या कार्यालयाला आणि नोकरीच्या ठिकाणी गेटवर एकेक प्रत द्या. मोबाइलमध्ये फोटो ठेवा. गैरअर्जदाराला आदेश कधी बजावला गेला ती तारीख लिहून ठेवा, कारण ‘मला माहीतच नव्हतं’ हा त्याचा पहिला बचाव असेल.

१३. त्याने आदेश मोडला. पुढे काय?

११२ ला फोन करा आणि ‘संरक्षण आदेशाचा भंग झालाय, कलम ३१’ असे शब्द वापरा. हा दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा आहे. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद, वीस हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तिथे एनसी चालत नाही, एफआयआर व्हायला हवा. कलम ३२ प्रमाणे एकट्या पीडित स्त्रीच्या साक्षीवरही न्यायालय गुन्हा सिद्ध मानू शकतं, म्हणून ‘साक्षीदार आणा’ हे उत्तर ऐकून घेऊ नका.

ठाण्यात दाद लागली नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी तक्रार पाठवा, आणि तरीही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जा. संरक्षण अधिकाऱ्याकडेही भंगाची सही केलेली लेखी तक्रार देता येते. ज्यांनी आदेश दिला, शक्यतो त्याच न्यायाधीशांसमोर भंगाचा खटला चालतो.

पहिला ‘छोटा’ भंगही नोंदवा. एक मिस्ड कॉल, शाळेबाहेर एक फेरी. तो हद्द कुठे आहे ते चाचपत असतो, आणि नोंद न झालेला भंग पुढे कोर्टात घडलेलाच नसतो.

१४. पोटगीचे पैसे देत नाही. हाही भंगच ना?

या मुद्द्यावर उच्च न्यायालयांची मतं सारखी नाहीत. कलम ३१ चे शब्द ‘संरक्षण आदेश’ असे आहेत, त्यामुळे पैशांसाठी त्यावर विसंबू नका. थकलेल्या रकमेसाठी वसुलीचा अर्ज करा. पोटगीच्या वसुलीसारखाच त्यात वॉरंट निघतो आणि प्रत्येक थकीत महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत अर्ज करा, नाहीतर जुनी थकबाकी हातातून जाते. तो पगारदार असेल तर कलम २०(६) खाली मालकाने पगारातून थेट रक्कम द्यावी असा आदेश मागा. तो जास्त खात्रीचा मार्ग आहे.

१५. आदेश किती काळ चालतो? आम्ही परत एकत्र राहू लागलो तर?

तुम्ही स्वतः तो रद्द करण्याचा अर्ज करेपर्यंत. परिस्थिती बदलली तर कलम २५(२) खाली कोणताही पक्ष बदल मागू शकतो, पण तो बदल आदेशानंतरचा असावा लागतो. एकत्र राहू लागल्याने आदेश आपोआप संपत नाही. तुम्ही बोलावलंत म्हणून तो आला तरी कागदावर तो भंगच असतो, आणि पुढे खरा भंग झाला की ‘तिनेच बोलावलं होतं’ हे उत्तर तयार असतं. परत नांदायचं ठरलं तर आदेश पूर्ण रद्द न करता संपर्कबंदी आणि जागांची मनाई तेवढी काढून घ्या. हिंसेची मनाई ठेवा.

१६. सासू-सासऱ्यांनी ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली मला घर सोडण्याचा आदेश आणला आहे.

२००७ च्या त्या कायद्यात उपविभागीय अधिकाऱ्यांचं न्यायाधिकरण असा आदेश देतं. पण तो कायदा वापरून सुनेचा निवासाचा हक्क पुसून टाकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये एस. वनिता प्रकरणात सांगितलं आहे. दोन्ही हक्कांचा मेळ घालावा लागतो. लगेच निवास आदेशाचा अर्ज करा (प्रश्न ११) आणि न्यायाधिकरणासमोर हजर राहून त्या अर्जाची प्रत दाखल करा. गैरहजर राहणं हीच यातली सर्वांत महाग चूक आहे.

१७. नवरा परदेशात आहे, मी पुण्यात परतले.

पुण्यातच अर्ज करा (प्रश्न ५). आदेश मिळतो. अडचण बजावणीत आणि अंमलात येते, कारण आपले पोलीस तिथे जाऊन अटक करू शकत नाहीत. त्यामुळे त्याच्या इथल्या मालमत्तेवर आणि संयुक्त खात्यांवर मनाई आधी मागा. परदेशात छळ चालू असेल तर तिथल्या कोर्टाचा आदेशही घ्यावा.

१८. मला नोटीस आली आहे. आरोप खोटे आहेत. काय करू?

तारखेला हजर राहा, वकीलपत्र दाखल करा आणि लेखी म्हणणं द्या. तिला किंवा तिच्या माहेरी फोन करून ‘मिटवायला’ जाऊ नका. अंतरिम आदेश झाला असेल तर तो चुकीचा वाटला तरी पाळायचाच. आदेश बजावल्यापासून तीस दिवसांत सत्र न्यायालयात अपील करता येतं, पण नुसत्या अपिलाने आदेश थांबत नाही, त्यासाठी स्थगिती वेगळी मागावी लागते.

१९. त्रास देणारा नातेवाईक नाही, शेजारी किंवा ऑफिसातला माणूस आहे. आणि पुरुषाला असा आदेश मिळतो का?

२००५ चा कायदा या दोन्ही ठिकाणी लागू होत नाही. तिथे तीन मार्ग आहेत. पुरुष स्त्रीचा पाठलाग करत असेल तर न्याय संहितेच्या कलम ७८ खाली एफआयआर: पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत, पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद. दुसरा, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १२६ खाली शांतता राखण्याचा बंधपत्र, ज्याला ठाण्यात ‘चॅप्टर’ म्हणतात. तो एक वर्षापर्यंतचा असतो. तिसरा, दिवाणी न्यायालयात मनाई हुकूमाचा दावा, आणि त्यात आदेश ३९ नियम १ व २ खाली तात्पुरती मनाई. ही मनाई मोडली तर नियम २-अ खाली मालमत्ता जप्त होऊ शकते आणि तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते, पण पोलीस आपणहून अटक करत नाहीत. भंगाचा अर्ज त्याच कोर्टात तुम्हालाच द्यावा लागतो. स्त्री किंवा पुरुष, कोणीही हा दावा करू शकतं. मनाईची मागणी लिहिताना प्रश्न ७ मधली पद्धत इथेही जशीच्या तशी वापरा.